भाऊसाहेब आज दुसऱ्या गावाला : कर्मचारी कमी असताना जमिनीचा व्यवहार कसा पार पाडावा

आमच्या सजाचे (म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांच्या गटाचे) तलाठी भाऊसाहेब मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस ते दुसऱ्या दोन सजांवर असतात, कारण तिथल्या जागा रिकाम्या आहेत आणि अतिरिक्त कार्यभार यांच्याकडे आहे. हे मला चौथ्या हेलपाट्याला कळलं, तेही चावडीसमोरच्या चहावाल्याकडून.

बावीस गुंठ्यांचं आमचं खरेदीखत एका दुपारी नोंदलं गेलं. सातबाऱ्यावर नाव लागायला त्यानंतर पाच महिने लागले. घरात सगळे कार्यालयाला शिव्या घालत होते, मीही घालत होतो. पण नंतर तारखा मांडून बसलो तेव्हा दिसलं की त्यातले तीन-साडेतीन महिने आमच्याच चुकांनी खाल्ले होते. दस्तात विकणाऱ्याचं नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. सहखातेदार आत्याबाईंचा पत्ता अर्धवट, म्हणून त्यांची नोटीस परत आली. पुरेशी माणसं असलेल्या कार्यालयात अशी चूक आठवड्यात निस्तरते. एक माणूस तीन गावं बघतो तिथे परत आलेला कागद पुन्हा रांगेच्या शेपटाला जातो. रिकामी खुर्ची आपल्याला भरता येत नाही. आपला कागद परत येऊ न देणं आणि तो नक्की कोणाच्या टेबलावर पडलाय हे माहीत असणं, एवढंच आपल्या हातात असतं. हा लेख त्याबद्दल आहे.

जागा रिकाम्या असण्याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा. २०२३ मध्ये राज्याने तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची जाहिरात काढली आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले. काम मागणारे दहा लाख आणि चावडीला कुलूप, असं हे चित्र. २०२४ मध्ये पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. गावात अजून तलाठीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

पायरी पहिली : कोणतं टेबल, कोणाचा चार्ज

जमिनीच्या एका व्यवहारात चार वेगवेगळी कार्यालयं येतात आणि चारही ठिकाणी माणसांची टंचाई असते. दस्त नोंदवतो तो दुय्यम निबंधक. सातबाऱ्यावर नोंद धरतो तलाठी. ती नोंद मंजूर करतो मंडळ अधिकारी, म्हणजे आपले सर्कल. मोजणी करतं भूमी अभिलेखचं उपअधीक्षक कार्यालय. जमीन शहरी हद्दीत असेल आणि सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असेल, तर तलाठी आणि सर्कल यांच्या जागी नगर भूमापन अधिकारी येतात.

इसार देण्याआधी एक दिवस काढून या टेबलांची चौकशी करा. प्रश्न दोनच : सध्या चार्ज कोणाकडे आहे, आणि ते कोणत्या वारी बसतात. सर्कलची जागा रिकामी असेल तर त्यांचं काम दुसऱ्या मंडळाच्या सर्कलकडे दिलेलं असतं आणि तसा आदेश तहसील कार्यालयात असतो. तिथला अव्वल कारकून सांगतो. कोतवालालाही विचारा. साहेब कुठे आहेत हे तहसीलदारांपेक्षा त्याला जास्त अचूक माहीत असतं.

पायरी दुसरी : इसाराच्या आधीच कागद साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. ऑनलाइन डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. तो, ८अ (खातेउतारा), त्यावर नमूद असलेले सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, आणि गटाचा नकाशा एकत्र घेऊन बसा. मग पुढच्या गोष्टी पेन्सिलने ताडून बघा.

नाव. विकणाऱ्याचं सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का? ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ ही कार्यालयाच्या लेखी दोन माणसं आहेत. लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून होते आणि तो अर्ज विकणाऱ्याने व्यवहाराआधी करायचा असतो. खरेदीखत झाल्यावर त्याला त्यात काडीचा रस उरत नाही.

वारस. सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी वारस नोंद, मग व्यवहार. वारस नोंद, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) चढवणं, बोजा उतरवणं यांसारखे अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या भरता येतात. मी तोच मार्ग सुचवेन, कारण ऑनलाइन अर्जाला क्रमांक पडतो आणि ‘तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही’ हे वाक्य त्या क्रमांकापुढे चालत नाही.

बोजा. विकास सोसायटीचं कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी इतर हक्कात बोजा तसाच दिसतो, हे गावोगावी आहे. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला विकणाऱ्याने आणायचा आणि बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर करून घ्यायचा. हा एक फेरफारच आहे, म्हणजे त्यालाही तेच तलाठी, तेच सर्कल आणि तीच रांग. तेवढे आठवडे आधीच धरा.

भोगवटादार वर्ग. वर्ग-२, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, असं लिहिलं असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तिथे महिने जातात. घाई असलेल्याने अशा जमिनीच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

घेणारा. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, म्हणून तुमच्या नावाचा कुठलातरी सातबारा जवळ ठेवा. तुकडेबंदीचं, म्हणजे कायद्याने ठरवलेलं जमिनीच्या तुकड्याचं किमान, क्षेत्रही बघा. २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याखालच्या तुकड्याचा विषय असेल तर आजचे नियम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

पायरी तिसरी : साठेखतात उशीर गृहीत धरा

आपल्याकडे साठेखतात, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या करारात, मुदत लिहिताना तोंडाला येईल तो आकडा लिहितात : तीन महिने. त्या तीन महिन्यांत बोजा उतरायचा, मोजणी व्हायची, बँकेचं कर्ज मंजूर व्हायचं. सर्कलची जागा रिकामी असताना हे होत नाही. मग मुदत संपली म्हणून विकणारा भाव वाढवतो किंवा इसार जप्त करायची भाषा सुरू होते.

मुदत दिवसांत बांधण्यापेक्षा घटनेला बांधा. आमच्या वकिलांनी दुसऱ्या व्यवहारात घातलेला मजकूर साधारण असा होता :

‘सातबाऱ्यावरील बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत खरेदीखत करून द्यावयाचे आहे. अर्ज दिल्याची पोच दाखवल्यास शासकीय कार्यालयातील विलंबाचा काळ मुदतीत धरला जाणार नाही. विलंब १८० दिवसांपेक्षा जास्त झाल्यास खरेदीदारास इसाराची संपूर्ण रक्कम परत मागता येईल.’

आकडे तुमच्या सोयीने बदला, पण शेवटची मर्यादा नक्की घाला. नाहीतर पैसे अडकून पडतात. आणि साठेखतातच जमिनीचा ताबा घेऊ नका. ताबा दिल्याचं लिहिलं की मुद्रांकाच्या हिशेबात तो दस्त खरेदीखतासारखाच धरला जातो.

बँकेच्या कर्जावर व्यवहार असेल तर मंजुरीपत्राची मुदत किती हे विचारून घ्या आणि ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज द्या.

पायरी चौथी : दस्त नोंदणी

इथली गर्दी डोळ्यांना दिसते म्हणून आपण सगळा राग इथे काढतो. पण चारही कार्यालयांत सर्वांत लवकर उरकणारं काम हेच आहे. दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधीच भरून ठेवा आणि ई-स्टेप-इनवरून वेळ घ्या. भरलेल्या माहितीची छापील प्रत काढून गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि नावं दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. एकाच माणसाने दोनदा वाचून उपयोग नाही, त्याला दोन्ही वेळा बरोबरच दिसतं. हीच माहिती पुढे फेरफारासाठी तहसीलकडे जाते. हिस्सा नंबर इथे चुकला तर तिथे अडतो.

सर्व्हर बंद, साहेब रजेवर, टोकन संपलं, असं झालं तर घाबरू नका. नोंदणी अधिनियम, १९०८ तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी देतो.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असतो, असं कलम २३ सांगतं. तेवढ्यातही टाळता न येणाऱ्या कारणाने जमलं नाही तर कलम २५ नुसार दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. मुद्रांक शुल्क मात्र सही करण्याआधी, सहीच्या वेळी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरलेलं हवं. मार्चअखेरीला झुंबड उडते ती १ एप्रिलला रेडी रेकनरचे (मुद्रांकासाठी धरायच्या सरकारी किमतीचे) दर बदलतील या भीतीने. पण ३१ मार्चच्या आत शुल्क भरून सह्या झाल्या असतील तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत जुन्याच दराने करता येते. त्या आठवड्यात रात्री दहापर्यंत ताटकळत बसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्या पक्षांनी एकाच दिवशी हजर राहिलं पाहिजे असंही नाही. मुदतीत असेल तर कलम ३४ प्रमाणे वेगवेगळ्या दिवशी येऊन कबुली देता येते. विकणारे आजोबा अंथरुणाला खिळले असतील तर घरी येऊन नोंदणी करण्याची सोय आहे. त्यासाठी कारणासह लेखी अर्ज द्या. कर्मचारी कमी म्हणून तोंडी नकार मिळू शकतो, लेखी अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागतं. कबुलीजबाबाच्या किंवा इतर कारणाने दस्तच नाकारला तर कलम ७१ खाली नकाराचं कारण लिहून मागा. त्या लेखी नकाराविरुद्ध सह जिल्हा निबंधकांकडे ३० दिवसांत दाद मागता येते. ‘कारण लिहून द्या’ हे तीन शब्द शांतपणे उच्चारले की अर्ध्या हरकती जागेवर विरघळतात, असा माझा अनुभव.

आणि नोंदणीला उशीर झाला तरी कलम ४७ प्रमाणे दस्ताचा अंमल सहीच्या तारखेपासून धरला जातो, नोंदणीच्या तारखेपासून नव्हे.

एका कार्यालयात फारच गर्दी असेल तर दुसरं बघा. मुंबई शहर आणि उपनगरातला दस्त फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या ३२ पैकी कोणत्याही कार्यालयात नोंदवता येतो. पुण्यासारख्या शहरांत अशी मुभा आधीपासून आहे आणि काही कार्यालयं शनिवार-रविवारी किंवा दोन सत्रांतही चालतात.

पायरी पाचवी : फेरफार, म्हणजे खरी परीक्षा

आधी एक गैरसमज. नोंदणीकृत खरेदीखतासाठी फेरफाराचा वेगळा अर्ज करावाच लागतो असं कायदा म्हणत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ मधली ‘तीन महिन्यांत कळवा’ ही अट नोंदणीकृत दस्ताला लागू नाही, कारण दुय्यम निबंधकानेच कलम १५४ नुसार महसूल खात्याला कळवायचं असतं. आता ते ऑनलाइन होतं. दस्त नोंदला की माहिती ई-फेरफार प्रणालीतून पुढे जाते, तलाठी नोंद धरतात, चावडीवर प्रसिद्ध करतात, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढतात. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर सर्कल नोंद मंजूर करतात. म्हणजे सुरळीत चाललं तर महिनाभराचं काम.

ते सुरळीत चालत नाही तेव्हा कुठे थांबलंय ते हेलपाटा न घालता शोधा. भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावातल्या चालू फेरफारांची यादी दिसते : क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची मुदत, गट नंबर. दस्तानंतर दर आठवड्याला ती बघा.

यादीत तुमचा फेरफार दोन-तीन आठवड्यांनीही आलाच नाही, तर काम तलाठ्यांकडे किंवा त्याच्याही आधी अडलंय. सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घेऊन त्यांच्या बसण्याच्या वारी जा. फेरफार दिसतोय पण मुदत संपूनही मंजूर नाही, तर एक तर नोटिसा बजावल्याची पोच लागलेली नाही किंवा सर्कलकडे ढीग आहे. आमचं घोडं पोचेपाशी अडलं होतं. आत्याबाई मुंबईला लेकीकडे राहतात आणि दस्तात त्यांचा गावचा पत्ता. शेवटी लेकीचा पत्ता लेखी दिला, तेव्हा नोटीस पोचली. म्हणून दस्त नोंदवतानाच सहखातेदारांचे आजचे पूर्ण पत्ते आणि मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून तलाठ्यांना द्या. तीन गावं सांभाळणाऱ्या माणसाचं ते काम वाचतं आणि तुमचा महिना वाचतो.

हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. अशा प्रकरणाचा निकाल शक्यतो वर्षभरात द्यावा असं कलम १५० म्हणतं. तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या. हरकत नुसती ‘मला विचारलं नाही’ अशी असेल आणि हरकतदाराचा त्या जमिनीत हक्कच नसेल, तर म्हणण्यात नेमकं तेवढंच लिहा. भाऊबंदकीचा इतिहास पहिल्या आजोबांपासून सांगत बसू नका. निकाल विरुद्ध गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) कलम २४७ खाली ६० दिवसांत अपील करता येतं.

या काळात धीर सुटतो, म्हणून हेही लक्षात घ्या : फेरफार लागला नाही म्हणून तुमची मालकी जात नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते. महसुली नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. पण पीककर्ज, पीकविमा, पुढची विक्री, सगळीकडे सातबाराच मागतात. तेव्हा धीर धरा, पण पाठपुरावा सोडू नका.

पायरी सहावी : मोजणी

मोजणी व्यवहाराआधी करा आणि अर्ज विकणाऱ्याच्या नावाने, त्याच्या सहीने द्या, कारण खातेदार तो आहे. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन भरला जातो. २०२४ च्या अखेरीपासून प्रकार दोनच उरले, नियमित आणि द्रुतगती. महापालिका-नगरपालिका हद्दीबाहेर दोन हेक्टरपर्यंत नियमितची फी २,००० रुपये आणि द्रुतगतीची ८,००० रुपये ठरली. आठ हजार जास्त वाटतात, पण बँकेचं मंजुरीपत्र हातात असेल तर मी द्रुतगतीच निवडेन. मोजणीच्या दिवशी लगतच्या कब्जेदारांना नोटीस गेलेली असते. तरी आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगून या. भूकरमापक आले आणि बांधावर भांडण झालं, की ते काम सोडून जातात आणि नवी तारीख कधी मिळेल ते देवच जाणे. बांधावरची झुडपं आधी साफ करा, म्हणजे जुन्या खुणा सापडतात.

पायरी सातवी : वरच्या दारात जायचं तेव्हा

तोंडी तक्रारीला वजन नसतं. एका पानाचा अर्ज आवक कक्षात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. मजकूर एवढाच पुरे :

‘मौजे अमुक येथील गट नंबर अमुकचे खरेदीखत दस्त क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी नोंदले आहे. फेरफार क्रमांक अमुक, हरकतीची मुदत अमुक तारखेस संपली. हरकत प्राप्त नाही. तरी नोंद आजपर्यंत प्रलंबित आहे. संबंधित मंडळ अधिकाऱ्यांचे पद रिक्त असल्यास कार्यभार कोणाकडे आहे ते कळवावे व नोंद निर्गत करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.’

पहिला अर्ज तहसीलदारांना द्या. पंधरा दिवस वाट बघून प्रांतांना द्या, सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडा. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही हाच कागद चालतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना कालमर्यादा असते. ती यादी कार्यालयाच्या फलकावर लावलेली असायला हवी. तुमची सेवा त्यात असेल तर मुदत उलटल्यावर ३० दिवसांत प्रथम अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्जही कामाला येतो, पण त्यात ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा लिहिला त्याची प्रत द्यावी’ असं मागा.

सूर मात्र सांभाळा. समोरचा माणूस तिघांचं काम करतोय, हे खरं असतं. माणसं कमी असण्याचा आडोसा करून कोणी पैसे मागितले तर १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे.

परदेशात किंवा परराज्यात राहणाऱ्यांसाठी

पंधरा दिवसांच्या सुटीत गावची जमीन विकून परत जाऊ, हा बेत करूच नका. विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. परदेशातून देताना ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करून घ्यावं लागतं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. अधिकारांच्या यादीत नुसतं ‘खरेदीखतावर सही’ लिहून भागत नाही. फेरफाराच्या नोटिसा घेणं, हरकतीवर म्हणणं देणं, मोजणीला हजर राहणं, अपील करणं हेही लिहा. नाहीतर सही होते आणि पुढच्या प्रत्येक कागदासाठी रात्री दोनला फोन वाजतो.

शेवटी : नाव लागल्यावर

फेरफार मंजूर झाला की लगेच नवा सातबारा आणि ८अ काढा. जुन्या मालकाचं नाव कंसात गेलंय का, तुमच्या नावापुढे तोच फेरफार क्रमांक आहे का, क्षेत्र आणि आकार दस्ताप्रमाणे उतरलाय का, पोटखराबा (लागवडीला न येणारं क्षेत्र) गायब तर नाही ना, हे बघा. माझ्या सातबाऱ्यावर वडिलांच्या नावातला एक काना पडला होता. त्याच आठवड्यात कलम १५५ चा अर्ज टाकला, कारण एप्रिल उजाडला होता आणि मे महिन्यात भाऊसाहेबांची बदली होणार असं चहावाला सांगत होता.